टँकर रिकामा करण्याआधी : रस्त्याच्या डांबराची ग्रेड कशी निवडावी आणि कशी तपासावी

हॉट मिक्स प्लांटच्या, म्हणजे खडी आणि डांबर गरम मिसळणाऱ्या कारखान्याच्या, फाटकात डांबराचा टँकर उभा राहिला की ड्रायव्हरला रिकामा करून निघायची घाई असते आणि प्लांटवाल्याला बॉयलर भरून घ्यायची. कागदावर व्हीजी-३० ही ग्रेड लिहिलेली असते, सोबत रिफायनरीचा टेस्ट रिपोर्ट असतो, म्हणून पाइप जोडला जातो. आधीच्या दहा-बारा टन मालात नवा माल एकदा मिसळला की त्यात काय वाईट होतं, कुठून आलं, हे पुढे कोणीच सिद्ध करू शकत नाही. त्यामुळे तपासणी पाइप जोडण्याआधीच व्हायला हवी. नीट आखणी केली तर त्यासाठी दिवस घालवावा लागत नाही, दीड-दोन तासांत निर्णय घेता येतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत आपण सगळ्याच काळ्या चिकट मालाला डांबर म्हणतो, पण मूळ डांबर म्हणजे दगडी कोळशापासून निघणारं कोल टार. कपाटातल्या डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या, आणि नॅफ्थलीन कोल टारमधूनच येत असे. आजच्या रस्त्यावरचा माल मात्र खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारं बिटुमेन असतो. गरम मालाला डांबरगोळ्यांसारखा उग्र वास आला तर तिथेच थांबा. शुद्ध बिटुमेनला तेलकट, जड वास असतो, डांबरगोळीचा नसतो. खाली सवयीप्रमाणे ‘डांबर’ असंच लिहिलं आहे, अर्थ बिटुमेन असा घ्यावा.

व्हीजी म्हणजे नेमकं काय

पूर्वी आपल्याकडे ८०/१००, ६०/७०, ३०/४० अशा ग्रेड होत्या. ते आकडे पेनिट्रेशनचे, म्हणजे २५ अंशांना सुई किती आत जाते त्याचे. अडचण अशी की २५ अंशांना सारखीच सुई घेणारी दोन डांबरं उन्हाळ्यातल्या रस्त्यावर अगदी वेगळी वागू शकतात. मे महिन्यात दुपारी काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. चाकाखाली डांबर वाहणार की टिकणार हे तिथे ठरतं, आणि २५ अंशांवरचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून आयएस ७३ या भारतीय मानकाच्या २००६ सालच्या सुधारणेत ग्रेड ६० अंशांवरच्या व्हिस्कॉसिटीवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या विरोधावर आणल्या गेल्या. व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, आणि पॉइज हे व्हिस्कॉसिटीचं एकक. २०१३ च्या सुधारणेतले मुख्य आकडे असे आहेत:

व्हीजी-१० : ६० अंशांना व्हिस्कॉसिटी ८०० ते १२०० पॉइज, पेनिट्रेशन किमान ८०, सॉफ्टनिंग पॉइंट (माल मऊ होण्याचं तापमान) किमान ४०, १३५ अंशांना कायनेमॅटिक (स्वतःच्या वजनाने वाहताना मोजलेली) व्हिस्कॉसिटी किमान २५० सेंटिस्टोक्स.
व्हीजी-२० : याच क्रमाने १६०० ते २४०० पॉइज, ६०, ४५, ३००.
व्हीजी-३० : २४०० ते ३६०० पॉइज, ४५, ४७, ३५०.
व्हीजी-४० : ३२०० ते ४८०० पॉइज, ३५, ५०, ४००.

चारही ग्रेडना फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेण्याचं तापमान) किमान २२० अंश आणि ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये विद्राव्यता किमान ९९ टक्के लागते. रोलिंग ओव्हनमधून (माल फिरवत तापवून कडक करणारी भट्टी, तिच्याबद्दल पुढे) काढलेल्या मालाची डक्टिलिटी, म्हणजे तुटण्याआधी धागा किती ताणतो ते, व्हीजी-१० पासून क्रमाने किमान ७५, ५०, ४० आणि २५ सेंमी.

यात एक गोष्ट नीट बघा. व्हीजी-३० ची वरची हद्द ३६०० आहे आणि व्हीजी-४० ची खालची ३२००. म्हणजे ३४०० पॉइजचा माल दोन्ही रकान्यांत बसतो. व्हीजी-४० च्या नावाने आलेल्या मालाची व्हिस्कॉसिटी ३२०० ते ३६०० च्या दरम्यान निघाली, तर सॉफ्टनिंग पॉइंट ५० च्या वर आहे का आणि १३५ अंशांचा आकडा ४०० ओलांडतो का, हे पाहिल्याशिवाय माल घेऊ नका. जुन्या ग्रेडचं भाषांतर करून ‘६०/७० म्हणजेच व्हीजी-३०’ असं सर्रास बोललं जातं. व्यवहारात ते जवळपास चालतं, पण चाचणीच्या अहवालात तसं लिहिणं चूक आहे. पेनिट्रेशन ६५ असलेला माल ६० अंशांना २००० पॉइजवर अडकलेला असू शकतो, आणि मग तो व्हीजी-३० नाही.

कुठे कोणती

आयएस ७३ मध्ये हवेच्या तापमानाचा अंदाज दिला आहे. वर्षातल्या सर्वांत तापलेल्या सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३० अंशांच्या खाली असेल तर व्हीजी-१०, ३० ते ३८ ला व्हीजी-२०, ३८ ते ४५ ला व्हीजी-३० आणि ४५ च्या वर व्हीजी-४०. नुसता हा तक्ता धरला तर कोकण किनारपट्टी आणि गोवा व्हीजी-२० मध्ये जातात, मराठवाडा-विदर्भाचा बराच भाग व्हीजी-३० मध्ये, आणि चंद्रपूरसारखी ठिकाणं व्हीजी-४० च्या उंबरठ्यावर येतात.

पण तापमान हा निम्माच हिशेब आहे. चाक रस्त्यावर किती वेळ रेंगाळतं यावरही डांबर किती सरकणार हे ठरतं. ताशी ८० किलोमीटरने जाणारा ट्रक आणि कसारा किंवा खंबाटकी घाटात पहिल्या गिअरमध्ये चढणारा भरलेला ट्रक यांचं वजन एकच असलं तरी घाटातल्या डांबराला सरकायला कितीतरी जास्त वेळ मिळतो. म्हणून घाटाचे चढ, टोल नाके, सिग्नल, बस थांबे, साखर कारखान्यांच्या फाटकासमोरचे भाग, बंदराकडे जाणारे रस्ते इथे तक्त्यापेक्षा एक पायरी कडक ग्रेड घ्यावी. जड वाहतुकीच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३७ या मार्गदर्शिकेच्या २०१८ च्या आवृत्तीत ५० एमएसएच्या वर, म्हणजे ५ कोटी प्रमाणित आसांच्या (ठरावीक भाराच्या चाकजोड्यांच्या) वर, डीबीएमच्या, म्हणजे वरच्या थराखालच्या जाड डांबरी मिश्रणाच्या, थराला व्हीजी-४० धरलं आहे.

उलट चूकही होते. खेडेगावाच्या रस्त्यावर दिवसाला शंभर वाहनं आणि खाली लवचीक पाया असेल, तर तिथे व्हीजी-४० घालणं म्हणजे ‘जास्त चांगलं’ नव्हे. कडक डांबराच्या पातळ थराला तडे लवकर जातात, आणि पावसाचं पाणी त्या तड्यांतूनच आत शिरतं. तिथे व्हीजी-३० पुरे. व्हीजी-१० आपल्याकडे मुख्यतः फवारणीच्या कामाला, इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं डांबर) बनवायला आणि हिमालयातल्या थंड रस्त्यांना लागतं.

टँकर आला, आता काय

वजनकाट्याची पावती, इनव्हॉइसवरची ग्रेड, बॅच नंबर आणि सील नंबर जुळवा. टेस्ट रिपोर्टवरची बॅच आणि इनव्हॉइसवरची बॅच वेगळी असेल तर तो रिपोर्ट या मालाचा नाही. टँकरवरचा तापमापक वाचून लिहून ठेवा. ड्रायव्हरला विचारा की आधीच्या फेरीत काय भरलं होतं. फर्नेस ऑइल किंवा इमल्शन भरलेला टँकर नीट न निथळता डांबराला लावला की पुढच्या सगळ्या चाचण्या विचित्र येतात.

झाकण उघडताना वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, चेहरा बाजूला ठेवून उघडा. आत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो आणि तो विषारी वायू आहे. आत वाकून पाहू नका. पृष्ठभागावर फेस दिसला किंवा माल तडतडत असला तर आत पाणी आहे. माल १७५ अंशांपर्यंत तापवला तरी फेसाळू नये असं आयएस ७३ सांगतं. पाणी असलेला माल गरम टाकीत सोडला की पाण्याची वाफ होते, माल फुगतो आणि टाकीच्या तोंडातून बाहेर येतो. हा धोका ग्रेडच्या वादापेक्षा मोठा आहे.

नमुना नमुन्याच्या नळातून घ्या. पहिले चार लिटर बाजूला टाका, कारण नळात मागच्या फेरीचा थिजलेला माल असतो. मग एक-एक लिटरचे तीन पत्र्याचे डबे भरा. एक आज तपासायला, एक सील करून ठेवायला, एक वाद झालाच तर बाहेरच्या प्रयोगशाळेसाठी. डबे कोरडे आणि नवे हवेत. डिझेलने पुसलेला डबा चालत नाही. डब्याला आतून लागलेलं चमचाभर डिझेलही व्हिस्कॉसिटी खाली आणतं आणि बिचाऱ्या पुरवठादारावर खोटा आळ येतो. लेबल डब्याच्या अंगावर लावा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.

प्रयोगशाळेत : आधी व्हिस्कॉसिटी

सवयीने सगळे पेनिट्रेशनपासून सुरुवात करतात. पण पेनिट्रेशनचा नमुना दीड तास हवेत आणि पुढे दीड तास पाण्यात थंड व्हावा लागतो, म्हणजे तीन तास तरी गेले. ६० अंशांची व्हिस्कॉसिटी सव्वा ते दीड तासात हातात येते आणि ग्रेड तीच ठरवते. म्हणून क्रम उलटा करा. व्हिस्कॉसिटी आणि सॉफ्टनिंग पॉइंट एकदम लावा, पेनिट्रेशनचा कप तेव्हाच ओतून ठेवा, त्याचं उत्तर दुपारी येईल.

नमुना वितळवताना सॉफ्टनिंग पॉइंटपेक्षा ९० अंशांहून जास्त तापवू नका आणि अर्ध्या तासात काम आटपा. डबा थेट शेगडीवर ठेवू नका, ओव्हनमध्ये ठेवा. तळाशी जळलेला माल ढवळून वर आणला की तुम्ही स्वतःच ग्रेड बदललेली असते. ढवळायचं ते सावकाश, बुडबुडे न होऊ देता.

व्हिस्कॉसिटीसाठी निर्वात केशनलिका, म्हणजे हवा ओढून माल वर चढवणारी बारीक काचेची नळी, लागते. कॅनन-मॅनिंग किंवा अ‍ॅस्फाल्ट इन्स्टिट्यूट प्रकारची. साधारण १३५ अंशांचा माल नळीच्या भरणरेषेपर्यंत ओता, नळी १३५ अंशांच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा म्हणजे अडकलेली हवा वर निघून जाते. मग ६० अंशांच्या बाथमध्ये अर्धा तास उभी करा. बाथचं तापमान ०.१ अंशाच्या आत स्थिर हवं. नंतर ३०० मिमी पाऱ्याचा निर्वात लावा आणि नळीकडे डोळे लावून बसा. काळा माल बारीक नळीतून वर सरकायला लागतो, पहिल्या खुणेला टेकला की स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या खुणेला टेकला की बंद. त्याच्या वरच्या फुग्यासाठी (नळीच्या फुगीर भागासाठी) लगेच पुढची वेळ. ज्या फुग्याला ६० सेकंदांहून जास्त वेळ लागला त्याचाच आकडा धरायचा. त्या फुग्याचा कॅलिब्रेशन गुणांक नळीच्या प्रमाणपत्रावर असतो. समजा गुणांक ३१.६ आणि वेळ ९४ सेकंद, तर ३१.६ × ९४ = सुमारे २९७० पॉइज. व्हीजी-३० च्या मधोमध.

इथे चुका कुठे होतात? नळी टोल्यूइनने धुऊन लगेच वापरली तर भिंतीला राहिलेलं द्रावक माल पातळ करतं. शेवटी अ‍ॅसिटोन फिरवून हवेने पूर्ण कोरडी करा. निर्वाताच्या रबरी नळीला बारीक गळती असेल तर ३०० ऐवजी २८० मिमीच मिळतात, वेळ लांबते आणि माल आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. आणि नळी बाथमध्ये सरळ उभी नसेल तर तो आकडा फेकूनच द्यावा.

सॉफ्टनिंग पॉइंटला दोन पितळी कड्यांत माल ओता, थंड झाल्यावर वर आलेला भाग गरम सुरीने सपाट कापा. पाणी ताजं उकळून गार केलेलं वापरा, नाहीतर विरघळलेल्या हवेचे बुडबुडे कड्यांना चिकटतात. ५ अंशांना पंधरा मिनिटं ठेवून, वर ९.५ मिमीच्या पोलादी गोळ्या ठेवून, दर मिनिटाला ५ अंश या वेगाने तापवा. माल गोळीला घेऊन २५ मिमी खालच्या पट्टीला टेकतो ते तापमान म्हणजे सॉफ्टनिंग पॉइंट. दोन कड्यांत एका अंशाहून जास्त फरक आला तर पुन्हा करा. तापवण्याचा वेग वाढला तर आकडा खोटा जास्त येतो. गॅस मोठा करून घाईने केलेल्या चाचणीत मऊ माल पास होतो तो असाच. मालाचा सॉफ्टनिंग पॉइंट ८० च्या वर असेल तर पाण्याऐवजी ग्लिसरीन लागतं.

पेनिट्रेशन : सोपी दिसणारी, सर्वांत जास्त बिघडणारी

५५ मिमी व्यासाच्या, ३५ मिमी खोल कपात माल ओतून वरून झाकण अधांतरी ठेवा, धूळ बसू नये म्हणून. धूळ आणि बुडबुडा हे दोन शत्रू. कप तिरका करून उजेडात पाहिला की पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते बुडबुड्यांचे. ओतल्याबरोबर माल गरम असतानाच पृष्ठभागावरून क्षणभर ज्योत फिरवली तर ते फुटतात. नंतर दीड तास हवेत, दीड तास २५ अंशांच्या पाण्यात.

सुई टोल्यूइनने पुसा, कोरडी करा. सुई, दांडा आणि वजन मिळून १०० ग्रॅम. सुईचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकलं पाहिजे. पाण्यातल्या सुईचं प्रतिबिंब आणि सुई जिथे भेटतात ती जागा बाजूला दिवा धरून पाहा, डोळ्याच्या अंदाजाने टेकवू नका. ५ सेकंद सोडा, वाचा. एक एकक म्हणजे ०.१ मिमी. तीन जागी घ्या, कडेपासून आणि एकमेकांपासून किमान १० मिमी अंतर ठेवून, दर वेळी स्वच्छ सुईने. ५२, ५३, ५१ अशी वाचनं आली तर सरासरी घ्या. ५२, ५८, ४९ आली तर सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका. सुई वाकडी आहे, बुडबुडा आहे, किंवा पाण्याचं तापमान हललं आहे.

तापमानाचा परिणाम किती मोठा असतो ते लक्षात ठेवा. साधारण डांबरात एका अंशाला पेनिट्रेशन दहा टक्क्यांच्या आसपास बदलतं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधल्या प्रयोगशाळेत कप बाथमधून काढून मोकळ्या टेबलावर ठेवला, दोन मिनिटं फोन घेतला, की ५० चे ५५ झाले. म्हणून कप २५ अंशांच्या पाण्याने भरलेल्या लहान ट्रेमध्येच ठेवून सुई सोडायची.

बाकीच्या चाचण्या

फ्लॅश पॉइंट क्लीव्हलँडच्या उघड्या कपात करतात. तो १८०-१९० वर आला तर मालात हलकं तेल मिसळलं आहे, आणि हा माल तुमच्या बर्नरजवळच्या टाकीत जाणार आहे हे विसरू नका. विद्राव्यता ९९ टक्क्यांच्या खाली आली तर दगडाची भुकटी किंवा तसलंच काही घातलेलं असतं. गाळणीच्या कागदावर उरलेली पांढुरकी पूड बोटाला लागते. डक्टिलिटी २५ अंशांना, मिनिटाला ५ सेंमी वेगाने ओढून मोजतात. धागा पाण्यात तरंगायला किंवा तळाला टेकायला लागला तर पाण्यात मीठ किंवा मिथाइल अल्कोहोल घालून घनता जुळवा, नाहीतर धागा स्वतःच्या वजनाने तुटतो.

रोलिंग थिन फिल्म ओव्हन प्रत्येक प्लांटवर नसतं, पण प्रत्येक मोठ्या कामाला एकदा तरी तो नमुना बाहेर पाठवलाच पाहिजे. काचेच्या बाटल्यांत प्रत्येकी ३५ ग्रॅम माल, १६३ अंशांना ८५ मिनिटं, मिनिटाला १५ फेरे, आत मिनिटाला ४ लिटर गरम हवा. हॉट मिक्स प्लांटच्या ड्रममध्ये खडीवर पातळ थर बसताना माल जसा कडक होतो, तसाच इथे होतो. त्यानंतरची ६० अंशांची व्हिस्कॉसिटी आधीच्या चौपटीपेक्षा जास्त असू नये. आधी २९००, नंतर ८४०० आली तर गुणोत्तर २.९, चांगलं आहे. आधी २९०० आणि नंतर १२४०० आली तर ४.३. हा माल आज पास दिसतो पण मिक्सरमधून निघतानाच म्हातारा होतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्यावर जाळीदार तडे दिसतात.

आकडे एकत्र वाचा

एकट्या आकड्याने फारसं कळत नाही. पेनिट्रेशन जास्त, व्हिस्कॉसिटी कमी आणि फ्लॅशही खाली, तर हलक्या तेलाची भेसळ. पेनिट्रेशन जास्त आणि व्हिस्कॉसिटी कमी पण फ्लॅश ठीक, तर चुकीची ग्रेड भरून आली आहे, बहुधा व्हीजी-१०. पेनिट्रेशन कमी, व्हिस्कॉसिटी आणि सॉफ्टनिंग पॉइंट दोन्ही हद्दीबाहेर वर, तर माल जास्त तापवून जाळलेला किंवा टाकीत फार दिवस गरम राहिलेला आहे. सॉफ्टनिंग पॉइंट भलताच वर, पण पेनिट्रेशन मऊ आणि डक्टिलिटी तुटपुंजी, असं चित्र दिसलं तर ८५/२५ सारखा औद्योगिक ब्लोन (गरम हवा फुंकून कडक केलेला) माल पातळ करून मिसळल्याचा संशय घ्या. तो छताच्या वॉटरप्रूफिंगचा माल आहे, रस्त्याचा नाही.

आकडा हद्दीच्या जरासा बाहेर असेल तर माल परत पाठवण्याआधी ठेवलेल्या दुसऱ्या डब्यातून चाचणी पुन्हा करा, तापमापक आणि नळीचं प्रमाणपत्र तपासा. पुन्हा तेच आलं तर मात्र टँकर रिकामा करू नये, कोणाचाही फोन आला तरी.

पीएमबी आणि पीजीची भाषा

पॉलिमर मिसळलेल्या डांबराच्या (पीएमबी) ग्रेड आयएस १५४६२ च्या २०१९ च्या सुधारणेत पीएमबी ६४-१०, ७०-१०, ७६-१०, ८२-१० आणि ७६-२२ अशा आहेत. ही पद्धत अमेरिकेच्या १९८७ ते १९९३ मधल्या रस्ते संशोधन कार्यक्रमातून आलेल्या परफॉर्मन्स ग्रेडिंगची (पीजी). पहिला आकडा रस्त्याचं वरचं तापमान, दुसरा शून्याखालचं खालचं तापमान. ७६-१० म्हणजे रस्ता ७६ अंशांपर्यंत तापला आणि उणे १० पर्यंत गारठला तरी काम देणारा माल. हे आकडे रस्त्याच्या थराचे आहेत, हवेचे नाहीत. ‘आमच्याकडे ७६ अंश कधी होतात?’ हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो. संथ आणि जड वाहतुकीसाठी वरचा आकडा आणखी एखादी पायरी वाढवतात, म्हणूनही तो तापमानाहून मोठा दिसतो.

वरच्या आकड्याची चाचणी डायनॅमिक शिअर रिओमीटरवर होते. दोन चकत्यांमधली डांबराची चकती मागेपुढे पिळून माल किती कडक आणि किती लवचीक आहे हे एकदम मोजतात. मूळ परफॉर्मन्स ग्रेडिंगमध्ये ताज्या मालाला किमान १.०० किलोपास्कल आणि रोलिंग ओव्हननंतर किमान २.२० किलोपास्कल लागतात. साइटवर हे यंत्र नसतं, पण दोन गोष्टी साइटवर करता येतात. पहिली इलॅस्टिक रिकव्हरी : डक्टिलिटीच्या यंत्रात १५ अंशांना धागा १० सेंमी ओढा, मधोमध कापा, तासाभराने टोकं पुन्हा जुळवून लांबी पाहा. मागे हटून ती २.५ सेंमी उरली तर ७५ टक्के रिकव्हरी. साधं डांबर जवळपास मागे येतच नाही, त्यामुळे पॉलिमरच्या नावाखाली साधा माल आला असेल तर तो इथे लगेच पकडला जातो. दुसरी सेपरेशन टेस्ट : उभ्या नळीत माल तापवून ठेवून, गोठवून, वरच्या आणि खालच्या तृतीयांशाचा सॉफ्टनिंग पॉइंट तपासतात. फरक ३ अंशांहून जास्त असेल तर पॉलिमर वर तरंगतं आहे. अशा मालाच्या टाकीला ढवळणी हवीच. ढवळणी बंद असलेल्या टाकीच्या तळातून निघालेला पीएमबी म्हणजे निम्मा साधा माल.

इमल्शनबद्दल थोडक्यात. टॅक कोटला (दोन डांबरी थर चिकटवणाऱ्या फवाऱ्याला) लवकर फुटणारं आरएस-१, डब्ल्यूएमएमवरच्या (ओलसर मिसळून दाबलेल्या खडीच्या पायावरच्या) प्राइम कोटला, म्हणजे पहिल्या फवाऱ्याला, सावकाश फुटणारं एसएस-१. आरएस-१ मध्ये किमान ६० टक्के आणि एसएस-१ मध्ये किमान ५० टक्के डांबर उरलं पाहिजे. पसरल्यावर तपकिरी रंग काळा झाला की ते फुटलं, म्हणजे पाणी वेगळं होऊन डांबर उरलं, त्यानंतरच पुढचा थर टाकायचा. बांधकामाच्या पाण्याने इमल्शन पातळ करणं हा सर्रास चालणारा गैरप्रकार आहे. पळीभर इमल्शन वजन करून पाणी आटवा, उरलेल्याचं वजन करा, ढोबळ टक्केवारी हाती येते.

पास झालेला माल प्लांटवर बिघडू देऊ नका

मोर्थच्या, म्हणजे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या, तपशिलात व्हीजी-३० साठी डांबराचं तापमान १५० ते १६५ आणि खडीचं १५० ते १७० आहे. पसरताना मिश्रण किमान १४० आणि रोलिंग संपताना किमान ९० अंश असावं. व्हीजी-४० साठी डांबर १६० ते १७०, खडी १६० ते १७५, पसरताना १५०, रोलिंग संपताना १००. खडी आणि डांबरातला फरक १४ अंशांहून जास्त नको. व्हीजी-३० च्या सवयीने व्हीजी-४० टाकलं की रोलर पोहोचेपर्यंत माल थिजतो, दबत नाही, पोकळ्या राहतात, आणि मग ‘व्हीजी-४० खराब’ असा बोभाटा होतो. दोष ग्रेडचा नसतो, तापमानाचा असतो.

निळसर धूर दिसला तर माल जळतो आहे. बर्नरच्या नळकांड्यावर कायम वीतभर तरी डांबर असू द्या, पातळी खाली गेली की उघडं नळकांडं आग लावतं. पाऊस लागून चार दिवस काम बंद असेल तर टाकी १६० वर ठेवत बसू नका. तापमान उतरू द्या आणि काम सुरू करण्याआधी पुन्हा एकदा व्हिस्कॉसिटी करा.

खडीशी डांबर किती घट्ट बसतं हेही पावसाआधी पाहून ठेवा. २० मिमीतून गेलेली आणि १२.५ मिमीवर राहिलेली २०० ग्रॅम कोरडी खडी, तिच्या वजनाच्या ५ टक्के म्हणजे १० ग्रॅम डांबर, गरम मिसळून बीकरमध्ये घ्या, थंड झाल्यावर पाणी ओता आणि ४० अंशांना २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्यातूनच पाहा. खडीच्या कडा उघड्या, करड्या दिसत असतील तर तिथून डांबर सुटलं. किमान ९५ टक्के अंग काळं राहिलं पाहिजे. आपल्या काळ्या बेसाल्टवर डांबर सहसा बरं बसतं, पण खडीवर मुरमाची धूळ असली की तेच डांबर धुळीला चिकटतं आणि धुळीसकट निघतं. अशी खडी आधी धुवा. तरीही कमी आलं तर अँटी-स्ट्रिपिंग एजंट (डांबर सुटू न देणारं रसायन) घालून हीच चाचणी पुन्हा लावा.

गरम डांबर अंगावर उडालं तर तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली किमान २० मिनिटं धरा. चिकटलेलं डांबर ओढून काढू नका, त्याबरोबर कातडी येते. डिझेल किंवा रॉकेल लावू नका. तसंच दवाखान्यात न्या. नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, चेहऱ्यावर शील्ड, हातात उष्णतारोधक हातमोजे असल्याशिवाय टँकरचं झाकण उघडूच नये.